कोरगावच्या सुविधाचा विमा

गोव्यातल्या कोरगावच्या तिठ्यावर सुविधाचं शिवणाचं दुकान आहे. ती मूळची सीमेपलीकडच्या सातार्ड्याची. लग्नात इकडच्या रीतीप्रमाणे नवऱ्याने ताटातल्या तांदळांवर तिचं नवं नाव लिहायचं होतं. विशालने अंगठी टेकवली तेवढ्यात नवरीने ताटावर हात ठेवला. "हाय ताच नाव बरा आसा," ती म्हणाली. भटजी थांबले, बायका कुजबुजल्या, आणि विशालने मुकाट्याने 'सुविधा' लिहिलं. गावाने तिला तेव्हाच ओळखलं.

तिची नणंद तनया डिचोलीला दिलेली. पहिल्या बाळंतपणात तनयाचं मूल गेलं, आणि रक्त थांबेना म्हणून डॉक्टरांनी गर्भाशयही काढलं. पुढे म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की तिचं आणि तिचा नवरा निहार याचं मूल दुसऱ्या बाईच्या पोटात वाढू शकेल. हे घरी सांगताना तनया सारखी पदराचं टोक पिळत होती. सुविधा पेज वाढत होती. तिने डाव खाली ठेवला.

"सगळी एकमेकांची तोंडां काय बघतास? मी आसंय मगे! माझी सेजल पोटात आसताना शेवटच्या आठवड्यापर्यंत मशीन चालवलंय मी."

कायद्याच्या अटी तिने डॉक्टरांकडून नीट समजून घेतल्या. पैशाचा व्यवहार करायचा नाही, हे तिला आवडलंच. बाई लग्न झालेली हवी, तिला स्वतःचं मूल हवं, वय पस्तिशीच्या आत हवं. सगळं जमत होतं. शेवटची अट अशी, की मूल हवं असलेल्या जोडप्याने त्या बाईचा तीन वर्षांचा आरोग्य विमा काढला पाहिजे. बाळंतपणानंतरची दुखणीसुद्धा त्यात धरलेली हवीत. हा विमा मिळेपर्यंत डॉक्टर पुढचं पाऊल टाकणार नव्हते, आणि काजू पिकतील तेव्हा सुविधाला पस्तीस पुरी होणार होती. मग तनयाचं मूल राहूनच जाणार होतं.

विम्याच्या आधी सासऱ्यांनी, पांडुरंगबापूंनी, देवळात सगळ्या गावासमोर गाऱ्हाणं घालायचं, देवाकडे मागणं मागायचं ठरवलं. विशालने त्यांना बजावलं होतं, "बापू, 'मनातला काम' इतक्याच म्हणा. नावां घेव नकात." बापूंनी मान डोलावली. पण देवासमोर नारळ हातात आला आणि त्यांचा आवाज चढला.

"बा देवा म्हाराजा! माझ्या तनयाचा पोर माझी सून सुविधा आपल्या पोटात वाढयतली! तेका सुखरूप भायर काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळी माणसं ओरडली, आणि काय ऐकलं ते मागाहून त्यांच्या ध्यानात आलं.

घरी विशाल संतापला. बापू म्हणाले, "देवाक अर्धा सांगून कसा चालतला रे?"

दुसऱ्या दिवशी शेजारची कमलाक्षीकाकी ब्लाउजचं माप द्यायच्या निमित्ताने दुकानात आली. "काय गे, तुका काय झाला? पोट काय भाड्याची खोली? आणि ओटी कोणाची भरूची? तुझी काय तनयाची?"

"दोघांचीय भर, काकी. दोन नारळ घेवन ये. हात वर कर, माप घेवचा आसा."

कृष्णनाथ हा गावातलाच विमा एजंट. विशालच्या बरोबरीचा, बोलका, कुठल्याही गाऱ्हाण्याला सगळ्यांत पुढे उभा. त्याने कंपनीत चौकशी केली आणि उतरल्या चेहऱ्याने दुकानात आला.

"वहिनी, असली पॉलिसी नाय म्हणतत. पण एक मार्ग आसा. सरोगसी हा शब्दच नको. साधो आरोग्य विमो काढूया. कागद दिसलो म्हणजे झाला."

"आणि माका काय झाला तर?"

"काय होवचा नाय."

"तनयाक पण काय होवचा नव्हता, भावजी."

कृष्णनाथ समोरची बटणं चाळू लागला.

"मी हॉस्पिटलात पडलंय, तर कंपनी विचारतली, पोटातला पोर कोणाचा? तेव्हा काय सांगू? माझा?"

"तसा सांगूक लागतला..."

"देवळात तुम्ही खंय उभे होतास?"

"पुढे."

"सगळ्यांत मोठ्यान 'व्हय म्हाराजा' कोणी म्हटला?"

तो कसाबसा हसला. "मीच."

"मगे? देवाक एक आणि कंपनीक एक? माका नाय जमूचा. चला, तुमच्या साहेबांकडे."

म्हापशाच्या शाखेतले साहेब सभ्य होते. त्यांनी चहा मागवला आणि सांगितलं, "ताई, असं प्रॉडक्ट आमच्याकडे नाही."

"कायदा म्हणतो विमा काढा. तुम्ही म्हणता नाही," सुविधा शाळेतल्या मराठीत बोलू लागली. "मग तो मिळतो कुठे? सकाळी पोदेर पावाबरोबर सायकलवरून आणून देतो का?"

शेजारच्या मेजावरची मुलगी फिस्सकन हसली. साहेब हसले नाहीत.

"नाही म्हणायचं असेल तर लिहून द्या. सही, शिक्का. मी ते घेऊन वर जाईन."

"लिहून देता येणार नाही."

"मग मी बसते."

तिने पिशवीतून शाळेचे गणवेश काढले आणि हातशिलाई सुरू केली. कार्यालय बंद होईपर्यंत बसली. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली, मग येतच राहिली, खिडकीजवळच्या त्याच खुर्चीवर. लोक यायचे, हप्ते भरायचे, आणि ही बाई कोण म्हणून विचारायचे. ती प्रत्येकाला सगळं सांगायची, आवाज न चढवता आणि काही न लपवता. एका म्हातारीने सांगून टाकलं, "बाय, तू उठू नको."

पहिले दोन आठवडे कृष्णनाथ फिरकला नाही. मग आला आणि तिच्या शेजारी बसला.

"वहिनी, माझो धंदो बुडयतलास तुम्ही."

"बटणां लावूक येतत?"

"नाय."

"मग साहेबांकडे जावा."

तो गेला. काचेपलीकडे त्याचे हातवारे दिसत होते. शेवटी दार उघडं टाकून तो म्हणाला, आणि हे सगळ्यांनी ऐकलं, "साहेब, ती उठणार नाही. आणि मी साऱ्या गावासमोर होय म्हणून बसलोय. प्रस्ताव आहे तसा, खरा, वर पाठवा. नाकारला तर त्यांनी लिहून नाकारावा."

प्रस्ताव वर गेला. लिहून नाकारायला तिथेही कोणी तयार झालं नाही. काजूच्या झाडांना मोहोर धरला तेव्हा पॉलिसी आली. हप्ता निहारने भरला. विमा कशासाठी आहे ते त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं आणि पुढे नाव होतं सुविधाचं, तांदळांवर होतं तेच. तनयाने फोनवर ते वाचून घेतलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

कृष्णनाथ कागद द्यायला आला तेव्हा म्हणाला, "आता पॉलिसी मिळाली म्हणान बापू परत गाऱ्हाणा घालतले. तेंका सांगा, माझा नाव नको."

"घेतल्याशिवाय रवचे नाय. मीच तसा सांगलंय तेंका."

सरकारी मंडळाची मंजुरी बाकी होती, डॉक्टरांचं सगळंच बाकी होतं. तरी त्या संध्याकाळी सुविधाने दुकानाची फळी पुरती उघडली, रस्त्यावरून दिसेल असं कापड मेजावर पसरलं आणि स्वतःचा ड्रेस बेतला. खडूने रेघ मारताना बाजूच्या शिवणीत चांगलं चार बोटं कापड जास्त ठेवलं, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून.

रस्त्यावरून कमलाक्षीकाकी जात होती. ती थबकली.

"कोणाचा गे इतक्या ढगळ?"

"माझा," सुविधा म्हणाली आणि कात्री चालवली.