शिवणीतली माया

मास्तरांनी शिवणकामाचं दुकान बंद केलं ते हातांना कंप सुटला म्हणून. पण खरी बोच वेगळीच होती. एकुलती एक मुलगी, आणि तिला साधं बटण लावायचा कंटाळा! आपली कला आपल्याबरोबरच संपणार, असं त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि मास्तर एकदा धरलेलं सोडतील तर शपथ.

मुलगी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत संगणकाचं बघते. सगळे रिपोर्ट ज्या डेटाबेसमध्ये साठतात, तो तिच्याच ताब्यात. मध्यंतरी तो बदलायचं ठरलं आणि कुठली आवृत्ती घ्यायची यावरून घोळ सुरू झाला. थोरल्या डॉक्टरांना फुकटातली हवी होती, कारण आजचे रिपोर्ट तिच्यात बरोब्बर मावत होते. विकणारा सर्वांत मोठी गळ्यात मारायला टपलेला. आणखी कुणी म्हणालं, प्रोग्राम लिहिणाऱ्यांना सरावासाठी देतात ती घ्या, तिच्यात सगळंच असतं. चुकलं असतं तर खापर मुलीच्याच डोक्यावर फुटणार होतं.

तिचं जेवणात लक्ष नाही, हे पाहून मास्तरांनी विचारलं, तर म्हणाली, "तुम्हाला नाही कळायचं, बाबा." बापाला असं बोलतात का? पण पोर बिचारी घायकुतीला आली होती. मास्तरांना मात्र ते वाक्य लागलं ते लागलंच.

पुढे साखर तपासायला ते त्याच प्रयोगशाळेत गेले. सुई टोचणारी मुलगी बाही वर सारत होती, तेवढ्यात खिडकीवरून कुणीतरी आत विचारलं, "शेजारच्या दवाखान्याचे रिपोर्टही आता आपल्याकडे येणार. माया आहे ना?"

"भरपूर," आतून उत्तर आलं.

मास्तर चपापले. माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड. मूल वाढलं की उसवून कपडा मोठा करता येतो. हा तर अस्सल शिंप्यांचा शब्द! इथे कसा आला, त्यांनी विचारलं.

ती हसत सांगू लागली. संगणकवाल्या ताईंनी बैठकीत थोरल्या डॉक्टरांना चक्क कपड्यांवर आणलं म्हणे. "फुकटातली आज अंगाला बसेल, पण रुग्ण वाढले की एक दिवस नवा रिपोर्ट घेणारच नाही. सर्वांत मोठी म्हणजे पोराच्या अंगात बापाचा कोट. सरावाची म्हणजे नुसते कच्चे टाके, रोजच्या कामाला वापरायची परवानगीच नाही. मला मधली हवी, माया ठेवलेली." डॉक्टरांनी थोडी कुरकुर केली, मग मान हलवली. तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द.

मास्तरांना एकदम भरून आलं. मोकळ्या हाताने त्यांनी डोळे टिपले.

"दुखलं का, काका?"

"नाही गं," मास्तर म्हणाले. "ती ताई माझी मुलगी. माझ्याच हाताखाली तयार झाली."