सुमनताईंचं गेलेलं नाव

"सर, आत्या गेली..." सुमनताईंच्या भाच्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या बाजारात भाजी घेत होतो. महिना उलटून गेला. दुःखापेक्षा राग जास्त आहे, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

ताई किन्हवलीच्या. आरोग्यसेविका म्हणून शहापूर-मुरबाडचे पाडे त्यांनी पायी पालथे घातले. साप चावलेला माणूस या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरताना त्यांनी पाहिला होता. म्हणून निवृत्तीनंतर एक संकेतस्थळ काढलं. कुठल्या दवाखान्यात आज सापाचं इंजेक्शन आहे, एवढीच माहिती. दर सोमवारी स्वतः विचारून भरायच्या. संकेतस्थळाचं नाव देवनागरीत घेतलं, शेवटी टिंब देऊन देशाचं नाव. "आपल्या लोकांना वाचता आलं पायजे, सर," म्हणाल्या. मी इंग्रजीचा मास्तर, त्यामुळे पत्रव्यवहार माझ्याकडे.

ज्या कंपनीमार्फत ते नाव घेतलं होतं, तिनं एक दिवस गाशा गुंडाळला. असं नाव ठरावीक मुदतीपुरतंच मिळतं; ताईंनी ती वाढवायचा अर्ज वेळेत केला होता. तो घ्यायलाच कुणी उरलं नव्हतं. देशाच्या नावाची नोंदणी सांभाळणाऱ्या संस्थेला आम्ही लिहिलं. उत्तर आलं, आपल्या कंपनीशी संपर्क साधा. कंपनी बंद आहे, असं कळवलं. पुन्हा तेच उत्तर, अक्षर न अक्षर तेच. तक्रारीचा फॉर्म तर देवनागरी नाव घेतच नव्हता! मराठीत नाव विकणाऱ्यांना मराठीत तक्रार चालत नव्हती. मग पुरावे. नोंदणीत 'सुमन', आधारवर 'सुमनबाई'. दोघी एकच असल्याचं सिद्ध करा. ताई खिन्न हसल्या. "पस्तीस वर्सं लोकांनी मला सुमनबाईच म्हटलं. आता मी कोन ते यांना सांगू?"

त्या कागदांच्या घोळात मुदत संपली आणि नाव दुसऱ्याच कुणीतरी उचललं. सिद्धगडच्या पायथ्याकडचा एक शेतकरी ताईंच्या दारात आला. बायकोला साप चावला तेव्हा त्यानं फोनवर ते पान उघडलं होतं. "बाय, तुमच्या पानावर तं जुगार लागलाय." बायको वाचली, ती शेजाऱ्याच्या गाडीमुळे. ताई त्याच्यापुढे मान खाली घालून बसून राहिल्या... दोष त्यांचा नव्हता, पण शरम त्यांच्या वाट्याला आली. ज्यांना यायला हवी होती त्यांनी आमची तक्रार 'निकाली' म्हणून बंद केली.

नाव गेलं म्हणून ताई गेल्या, असं मी म्हणणार नाही. आजार जुना होता. पण शेवटची दोन वर्षं त्या माणसांनी खाल्ली, हे मी म्हणणारच. कुणाच्या सहीनं नाव गेलं, हे आजही कुणी सांगत नाही.

संकेतस्थळ गेल्यावर ताई माहिती हातानं लिहून गावच्या गिरणीत लावायच्या. परवा मी तिथं गेलो. भिंतीवर या सोमवारचा ताजा कागद होता. अक्षर गिरणीवालीचं, ताईंनीच तिला दवाखान्यांचे नंबर दिले होते. वर ठळक लिहिलेलं : 'माहिती – सुमनताई'.

"अगं, त्या गेल्या ना आता," मी म्हटलं.

तिनं डबा खाली ठेवला, हाताचं पीठ पुसलं. "म्हनून काय झालं? हितून त्यांचं नाव कोन काढतंय, तेच बघते मी."