वजनाने घेतलेलं लाकूड

कॉव्हेंट्रीबाहेरच्या आमच्या खेड्यात गॅसची लाइन नाही, हे मला घर घेतल्यावर कळलं. एजंटने आधी सांगितलं होतं म्हणे. पण तेव्हा मी मागच्या बागेतली हिरवी टाकी पावसाच्या पाण्याची समजून तिचं कौतुक करण्यात गुंतलो होतो. ती तेलाची निघाली. त्या तेलावर बॉयलर चालतो, बॉयलरवर रेडिएटर, आणि टँकर येऊन गेला की पुढचा महिनाभर माझं तोंड उतरलेलं.

या हिवाळ्यात नागपूरहून आई आली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. तिला दमा आहे. इथली थंडी मानवली तर ती मार्चपर्यंत राहणार होती, नाही मानवली तर परत जाऊन तिकडच्या घरात एकटी. "बघू," एवढंच म्हणाली होती. तिने राहावं म्हणून घर ऊबदार हवं, आणि तेलाचा भाव तर चढलेला. मग मी सवयीप्रमाणे एक स्प्रेडशीट बनवली: तेल विरुद्ध लाकूड. हॉलमध्ये लाकडाचा लोखंडी स्टोव्ह होताच. शीट छापून फ्रिजवर लावली.

जवळच्या एका शेतकऱ्याकडे लाकडाचे दोन ढीग होते. दोन्ही ट्रेलरच्या मापाने. एक महाग, एक बराच स्वस्त. मी दोन्हींतला एकेक ओंडका उचलून पाहिला. महागातला हलका, अगदी पोकळ. स्वस्तातला असा जड की मनगट लचकलं. आता मी बंबासाठी वखारीतून लाकूड आणलेला माणूस, समोर काट्यावर तोलून. त्याच मापात एवढं वजन, आणि तेही कमी पैशात! या बिचाऱ्याला स्वतःचा माल कळत नाही, असं वाटून मला त्याची कीव आली.

"याच हिवाळ्यासाठी हवंय ना?" त्याने दोनदा विचारलं. त्याला सौद्याचा पस्तावा होतोय असं समजून मी घाईघाईने पैसे देऊन टाकले. त्याने एक छापील कागदही हातात ठेवला. घरी आल्यावर पहिला जाळ मी त्याच कागदावर पेटवला.

कागद छान पेटला. लाकूड पेटेना. नुसतं धुमसत राहिलं, स्टोव्हची काच काळी झाली आणि ओंडक्यांच्या टोकांतून फेस येऊन सूं सूं आवाज येऊ लागला.

आई शालीतून बघत होती. "काऊन रे, हे लाकूड रडून राहिलंय. ओलं आहे."

"आई, हा इंग्लंडचा ओक आहे. आपल्या बंबातली बाभूळ नाही."

"इंग्लंडचा असला म्हणून रडायचं थांबतो का?"

चार दिवस मी हट्टाने तेच जाळलं. लाकूड आत घालायला स्टोव्हचं दार उघडलं की धूर बाहेर. चौथ्या संध्याकाळी आईला धाप लागली. बायको डॉक्टर आहे. ती ड्यूटीवरून आली, कोट न काढताच तिने आईची छाती तपासली आणि मग सगळ्या खिडक्या उघडल्या.

"तुझ्या त्या शीटमध्ये आईंच्या दम्याच्या पंपाचा कॉलम आहे का?" तिने विचारलं. नव्हता.

शेतकऱ्याकडे तक्रार घेऊन गेलो, तर तो म्हणाला, लाकूड ताजं तोडलेलं आहे, निम्मं वजन पाण्याचं. दोन उन्हाळे वाळवायचं. कागदावर लिहिलं होतं, वाचला नाहीत? त्या कागदाने मी अक्षरशः उजेड पाडला होता, हे त्याला कुठे सांगू!

पुन्हा तेल. दर रविवारी टाकीची पातळी बघायची आणि शीटवर लाल पेनने लिहायची. आणि काय आश्चर्य, तेल माझ्या अंदाजापेक्षा बरंच कमी लागत होतं. "बॉयलरची सर्व्हिसिंग करून घेतली ना मी!" असं मी जेवताना ऐकवलं. आई म्हणाली, "छान झालं."

नंतर एकदा दुपारीच घरी आलो. आई तिच्या खोलीत पलंगावर बसली होती. अंगात कोट, पायांत दोन-दोन मोजे, आणि हातमोजे घालून वर्तमानपत्र वाचत होती. रेडिएटरला हात लावला तर थंडगार. नॉब शून्यावर.

"हे कोणी बंद केलं?"

"मी. फ्रिजवर लावलंयस ना, वाचता येतं मला."

"अगं, ती माझी गंमत आहे."

"गंमत कोणी लाल पेनने लिहीत नाही. दिवसभर तुम्ही दोघं बाहेर. एका बाईसाठी कशाला तेल जाळायचं?"

बोलताना तिच्या छातीत तो लाकडातला आवाज येत होता. मी नॉब पाचवर नेला. तिथेच उकिडवा बसून राहिलो, जणू मीच तो पेटवतोय.

"मार्चचं तिकीट अलीकडचं करता येतं का रे? बघून ठेव."

"साइट बंद आहे," मी म्हणालो. फोन माझ्या खिशातच होता, मी पाहिलंही नव्हतं.

तिने खिडकीतून माझ्या त्या ढिगाकडे पाहिलं. "आणि ते लाकूड झाकून ठेव. फक्त वरून, बाजूंनी वारा लागला पाहिजे. दोन उन्हाळ्यांनी नीट जळेल."

तेव्हा शेकायला तू येशील ना, हे विचारायचं माझ्याच्याने झालं नाही. मी ताडपत्री शोधायला बागेत गेलो.