खिडकीतल्या बाळाचा थर

इलारिया आपासाने आयुष्यात किती माणसांना कोट चढवले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. ला पास शहरातल्या चौकात तिचे वडील लाकडी पेटीच्या कॅमेऱ्याने ओळखपत्रांचे फोटो काढत आणि ती शेजारी स्टुलावर बसून, अंगावर कोट नसलेल्यांच्या फोटोत गळ्याखाली बारीक कुंचल्याने कोट आणि टाय रंगवत असे. हमाल, पाववाले, बसचे कंडक्टर असे कितीतरी जण तिच्या हातून साहेब होऊन सरकारी कागदांवर जाऊन बसले. पुढे पेटी गेली, वडील गेले आणि तिच्या हातात कात्री आली : एका फोटोतून माणूस कापायचा, दुसऱ्यातून घर, आणि डिंकाने दोघांचा संसार थाटून द्यायचा. सत्तावन्नाव्या वर्षी भाचीने जुना संगणक आणून दिला तेव्हा तिने विचारलेला पहिला प्रश्न, डिंक कुठे लावायचा, हा होता.

संगणकावरच्या चित्रातला लेअर, म्हणजे थर, हा काय प्रकार आहे हे भाचीने तीनदा समजावले. काचेची उपमा दिली, कांद्याची दिली. काही उपयोग झाला नाही. शेवटी इलारियानेच स्वतःच्या घागऱ्याकडे पाहिले. चारचौघींत मान असलेल्या कुठल्याही बाईप्रमाणे तिने एकावर एक पाच परकर नेसले होते आणि सर्वांत वर जांभळा घागरा. वरचे दिसते, खालचे असते पण दिसत नाही, वरचे कापड झिरझिरीत असेल तर खालची लेस त्यातून डोकावते.

"म्हणजे हे यंत्र परकर नेसतं," ती म्हणाली. "मग इतका वेळ कांदे कशाला सोलत होतीस?"

त्यानंतर तिची प्रगती कोणाला आवरेना. चित्राचा नको तो भाग कापावा लागत नाही, नुसता झाकता येतो आणि मनात येईल तेव्हा उघडता येतो, हे कळले त्या दिवशी तिने कात्री भाजीच्या टोपलीत टाकून दिली. पांढरे विरून जावे आणि काळे तेवढे खालच्या चित्रात मुरावे, असा मिश्रणाचा एक प्रकार तिला सापडला. तो तिने सावल्यांसाठी राखला. सावलीवाचून माणूस घरासमोर उभा राहत नाही, तरंगतो, असे तिचे मत होते आणि ते कलासमीक्षेच्या कुठल्याही कसोटीवर टिकले असते.

या विद्येचा खरा कस लागायचा तो जानेवारीच्या चोवीस तारखेला, अलासितासच्या जत्रेत. त्या दुपारी बाराच्या ठोक्याला, हवी असलेली वस्तू इवल्याशा रूपात विकत घेऊन धुपावर धरली, की वर्षभरात ती आपल्या खऱ्या आकाराने दारात येते. लोक बोटाएवढी घरे घेतात, नखाएवढे पासपोर्ट घेतात. इलारिया तळहाताएवढी चित्रे करून देई : तुम्ही, तुमचे घर, तुमची गाडी, सगळे एका उन्हात. पण जत्रेत टेबल मांडायचा हक्क हाताने वस्तू घडवणाऱ्यांनाच, असा कारागीर संघटनेचा नियम होता. संगणकावरचे चित्र हाताचे की यंत्राचे, याचा निवाडा त्याच दिवशी व्हायचा होता. यंत्राचे ठरले असते तर वडिलांच्या काळापासूनची चार हात जागा संध्याकाळी रिकामी करावी लागली असती.

निवाडा करायला आले डॉन सेनोबियो तिकोना, काखेत संघटनेची वही आणि मागे पत्नी डोन्या ब्रिहिदा. डॉन सेनोबियो प्लास्टरचे एकेको बनवीत. पाठीवर सगळा बाजार लादून हसत उभा असलेला तो मिशाळ देव त्यांच्याच साच्यातून निम्म्या शहरात पोहोचला होता.

"रागावू नका, कासेरिता," बाजारातल्या विक्रेतीला गोडीत म्हणतात तसे ते म्हणाले. "चाळीस वर्षं प्लास्टर घोटतोय मी. ही बोटं बघा. बटण दाबून तुमचं काय झिजलं?"

"तुमच्या साच्यातून दिवसाला दोनशे देव पडतात, डॉन सेनोबियो. सगळ्यांचं नाक एकच. तो साचा काय तुमचा अंगठा आहे?"

डोन्या ब्रिहिदा खुदकन हसल्या, त्यामुळे प्रकरण चिघळले. डॉन सेनोबियोंनी अट घातली : माझ्यासमोर एक चित्र करून दाखवा, बाराला धूप दाखवू, मग ठरवू. चित्रात काय हवे, हे सांगताना मात्र त्यांचा आवाज एकदम खाली आला. दुमजली घर आणि त्यापुढे लाल ट्रक. इतकी वर्षे बाराच्या ठोक्याला ते इतरांना देव विकण्यात गुंतलेले असत. स्वतःसाठी काही घ्यायला त्यांना कधी फुरसत झाली नव्हती.

बाराला वीस मिनिटे होती. इलारियाने सकाळच्याच एका गिऱ्हाइकाचे घर उघडले. ते एक नवे जोडपे होते. त्यांना घराबरोबर मूलही हवे होते, पण सासूला दिसले असते तर ती आजपासूनच झबली शिवायला बसली असती. म्हणून इलारियाने बाळाचा थर इतका फिका ठेवला होता, की देवाला कळावे आणि सासूला कळू नये. त्या चित्रातली नवरा-बायको तिने झाकली, डॉन सेनोबियोंना सपत्नीक उभे केले, ट्रक आणला, त्याचे चिखलाचे टायर साफ केले. ट्रकची सावली पातळ वाटली म्हणून चाक पडदाभर मोठे करून ती सावली गडद करू लागली. थर गडद-फिका करायची पट्टी सरकवली, सावली ढिम्म. आणखी सरकवली, शेवटपर्यंत नेली. काही फरक नाही. संगणकाच्या म्हातारपणाला दोन शब्द सुनावून तिने चित्र छापले आणि न बघताच पुठ्ठ्याच्या चौकटीत घातले, कारण घंटा सुरू झाल्या होत्या.

पुढची पाच मिनिटे कोणाच्याच ताब्यात नव्हती. गर्दी धुपाच्या टोपल्यांवर कोसळली, कागदी फुले डोक्यांवर पडली, धूप घालणाऱ्या यातीरीने चित्रावर दारू शिंपडली, पाकळ्या ठेवल्या आणि ते तीनदा धुरातून फिरवले. डॉन सेनोबियो डोळे पुसत परतले. धुरामुळे, असे ते म्हणाले. चित्र डोन्या ब्रिहिदांनी घेतले.

"सेनोबियो, वरच्या खिडकीत कोण आहे?"

"पडदा असेल."

"पडद्याला दोन दात आहेत."

इलारियाने मान वाकवून पाहिले. खिडकी भरून, गोबऱ्या गालांचे, ठसठशीत बाळ हसत होते. आपण सावलीचा थर निवडलाच नव्हता. पट्टी सरकली होती ती बाळाची.

डॉन सेनोबियोंचे वय अडुसष्ट होते. असल्या यंत्राच्या चित्रात काही जोर नसतो, हे चित्र रद्द, असे त्यांनी जाहीर केले.

"बरं," डोन्या ब्रिहिदा म्हणाल्या, "मग ट्रकपण रद्द."

तर्कशास्त्रात ज्याला उभयापत्ती म्हणतात ती क्वचितच एवढ्या शुद्ध स्वरूपात भेटते. चित्र खरे मानावे तर बाळ येणार. खोटे मानावे तर ट्रक जाणार. फक्त ट्रक खरा धरता येईल का, असे त्यांनी चाचपून पाहिले. दोन्ही एकाच धुरातून गेलीत, असे डोन्या ब्रिहिदांनी बजावले आणि त्या फुटपाथवर फतकल मारून पोट धरधरून हसू लागल्या. शेजारच्या टेबलांवरची माणसेही कारण न कळता हसू लागली.

इलारिया तेवढी हसत नव्हती. तिने सरळ सांगून टाकले : चूक माझी. एका थरावर काम करायचे होते, हात दुसऱ्यावर होता. ते बाळही सकाळच्या जोडप्याचे. त्यांचे त्यांच्याकडे शाबूत आहे, तुमच्याकडे आली ती त्याची प्रत.

"हात होता?" डॉन सेनोबियोंनी विचारले.

"माझाच. यंत्राला काय पडलंय, ट्रक घे म्हटलं तर ट्रक घेतं, बाळ घे म्हटलं तर बाळ."

डॉन सेनोबियोंनी वही उघडली. त्यांच्या साच्यातून चाळीस वर्षांत एकदाही न सांगता काही बाहेर पडले नव्हते.

"लिहा हो," फुटपाथवरून आवाज आला. "सहा पोरं वाढवली मी. सातवं ट्रकवर क्लीनर होईल."

त्यांनी लिहिले : इलारिया आपासा, चित्रे, हाताने घडवलेली. सही केली, शाईवर फुंकर मारली. मग वही काखेत मारून, पत्नीला ऐकू जाणार नाही इतके वाकून त्यांनी विचारले, ट्रकच्या केबिनमध्ये मागे एक लहानशी सीट बसेल का.

"बसा समोर," इलारिया म्हणाली आणि तिने नवा थर उघडला.