शेजारच्या आजींची चादर

कंडक्टरबाईचा आवाज असा, की खचाखच भरलेली बस एका हाकेत गप्प व्हायची. डायलिसिसच्या खोलीत मात्र तिला कुणी भीक घालत नव्हतं. रक्त यंत्रातून फिरायला लागलं की तिच्या आप्पांना हुडहुडी भरायची. ती चादर मागायची आणि सिस्टर मान वर न करता "बघू" म्हणायची. सुईसुद्धा न सांगता-सवरता टोचायची, जणू समोर माणूस नव्हे, उशी आहे.

त्या दिवशी आप्पांचे उघडे पाय बघून कंडक्टरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आधी त्यांना विचारायचं, मग हात लावायचा! आणि चादर आत्ताच्या आत्ता पाहिजे!"

"भांडू नकोस गं," आप्पा म्हणाले. "सुई टोचायच्या आधी या शेजारच्या आजी सांगतात मला. पायही चोळून देतात. त्यांचेच हात बर्फासारखे झालेत बिचारीचे."

शेजारची खुर्ची रिकामी होती. तिनं आप्पांच्या पायांना हात लावला. पाय चांगले ऊबदार होते.

सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला. "त्या आजी तर गेल्या," ती पुटपुटली. "शेवटपर्यंत चादर मागत होत्या."

ती धावत जाऊन चादर घेऊन आली. "आजोबा, घालू का?" तिनं पहिल्यांदाच विचारलं.

"मला नको, बाळ. आधी त्यांना घाल. केव्हाच्या कुडकुडतायत."

सिस्टरनं रिकाम्या खुर्चीवर चादर पसरली. चादर हळूहळू खाली बसली, पण गुडघ्यांच्या जागी ती उंचच राहिली.