माद्रुगादा

‘माद्रुगादा’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो देऊळगाव राजाला, आमच्या बैठकीत, पोह्यांचा ट्रे हातात धरून. मला पाहायला आलेला पुण्याचा मुलगा परदेशी नोकरीसाठी स्पॅनिश शिकत होता. मध्यरात्र उलटल्यापासून उजाडेपर्यंतच्या वेळेला तिकडे हा एकच शब्द आहे म्हणे. "किती काव्य आहे ना! त्या वेळी तुम्हाला काय वाटतं?" त्यानं विचारलं.

मी खरं ते सांगितलं. "त्या वेळेले आमच्याकडं नळ येते. वाटायले टाइम कुठं राह्यते? गल्लीभर बाया पाणी भरून राह्यलेल्या असतात."

हसले हो सगळे! त्याच्या आईनं तर तोंडाला रुमाल लावला. पुढच्या आठवड्यात मध्यस्थाचा निरोप आला: मुलगी चांगली आहे, पण बोलणं फारच गावठी. परदेशात कसं निभावणार? तोवर बाबांनी होकार गृहीत धरूनच ऑफिसात पेढे वाटून टाकले होते. त्यांची खाली गेलेली मान पाहिली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, थांब बे, तुझी भाषाच शिकते.

शिकले. नळाखाली हंडा आणि खिडकीत मोबाइल लावून, त्याच्याच त्या माद्रुगादात शिकले. आई म्हणायची, "काऊन जीव जाळून राह्यली वं? सोड आता." सोडते कशाला! परीक्षा दिल्या, एका कंपनीत घरून काम मिळालं, आणि पुढे नव्या उमेदवारांची स्पॅनिशची तोंडी परीक्षा मीच घ्यायला लागले.

गेल्या वर्षी स्क्रीनवर तो आला. पोट सुटलेलं, आधीची नोकरी गेलेली. मी पहिलाच प्रश्न टाकला: तुमच्या माद्रुगादाबद्दल बोला. बरं बोलला मेला! नापास करावं असं एक वाक्य सापडेना. शेवटी न राहवून मराठीतच विचारलं, "मले ओळखलं का?"

तो बावरला. "नाही मॅडम. आपण भेटलोय का कधी?"

ढोंग नव्हतं ते. एवढ्या पोरी पाहिल्या असतील, त्यात मी कुठली आठवणार! आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं, आणि याच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

नापास केला असता तर मॅडमलाही विसरला असता. म्हणून पास केला आणि माझ्याच टीममध्ये मागून घेतला. आता रोजच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी त्याचा एकेक उच्चार सुधारते. मॅडमचं मी काय बिघडवलंय, असं तो प्रत्येकाला विचारत फिरतो म्हणे. विचारू दे. मी सांगणार नाही.