लाल रेक्झिन

शिरूरच्या एसटी डेपोतल्या त्या मेकॅनिकला आम्ही सगळे मामाच म्हणायचो. त्यांना जुन्या कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या जमवायचा नाद. कपाट उघडण्याआधी साबणानं तीनदा हात धुणार. आतली कापडी बांधणी आणि सोनेरी अक्षरं आपण बघायची ती लांबूनच. "घाम लागतो, सर." खराब होतील म्हणून स्वतःसुद्धा ती पुस्तकं वाचत नसत.

एकदा दौंडच्या रद्दीवाल्याकडं मला तशीच एक पहिली आवृत्ती सापडली. मामांना द्यायची म्हणून मी हौसेनं तिला बाइंडरकडून लाल रेक्झिन चढवून घेतलं. त्या बहाद्दरानं मूळ कापड तर फेकलंच, वर आवृत्तीची नोंद असलेलं फाटकं पानही काढून टाकलं.

मामांनी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्यांचा चेहरा बघून मला माझा पराक्रम कळला.

"हिला आता कुणी पहिली म्हणायचं न्हाई," ते म्हणाले. मग आत बघून ओरडले, "अगं, च्या ठिव. आन् चिवडा बी दे."

चिवड्याच्या तेलकट हातानंच त्यांनी पान उलटलं आणि मांडी ठोकून वाचायला बसले. माझा चहा संपला तरी मान वर नाही. मी निघालो, तेव्हा म्हणाले, "सर, लई झ्याक लिव्हलंय हो. पुढची बी अशीच बांधून आणा."